पिंपातला अनंत

नाशिक,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. पायल,

जयभीम. पाकीट बघून दचकू नकोस. घरात सगळे जिवंत आहेत, तुझा अनंतसुद्धा.

इकडचे फोन तू उचलत नाहीस याचा मला राग नाही. खरं सांगायचं तर मलाही फोनवर बोलायचं नाही. बत्तीस वर्षं दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत मुकादमकी केली, त्यामुळे माझं हळू बोलणंसुद्धा चार ओळी पलीकडच्या गड्याला ऐकू जातं. तुझ्याशी बोलतोय हे तुझ्या सासूबाईंना, विठाबाईला, कळू द्यायचं नाही, आणि मी फोन लावला तर गल्लीच्या टोकाला सहादूच्या गिरणीतही कळेल. म्हणून विहाराच्या ओट्यावर बसून लिहितोय. उत्तर द्यावंसं वाटलं तर सहादूच्या पत्त्यावर दे. त्याला दळणातून डोकं वर काढायला वेळ नसतो, तो दुसऱ्याची पत्रं कशाला वाचेल.

आता झाडाचं. तुम्ही पुण्याला निघालात त्या दिवशी आमचा पोरगा संघर्ष टेम्पोत कपाट चढवत होता आणि तू मला बाजूला घेऊन म्हणालीस, "मामा, पावसाळ्यापर्यंत तेवढं जगवा. बाल्कनीवालं घर मिळालं की मी न्यायला येते." मी हो म्हणालो. ते तुझ्यावर उपकार करायला नाही. झाड जगलं तर तुला एकदा तरी या दारात यावं लागेल, असा सरळ मतलबी विचार होता. मेलं तर तुला नाशिकला यायचं काय कारण उरणार आहे?

त्याआधी गच्चीवर जे झालं त्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. पण सगळं मनात ठेवून नुसती मातीची आणि पानांची पत्रं लिहिणं मला जमायचं नाही. भाची रोहिणीच्या मुलाचं बारसं करून विठाबाई आली ती तडक गच्चीवर गेली. तू अनंताची पानं ओल्या फडक्यानं पुसत होतीस. ती बोलली, "या झाडाला जेवढं कवटाळतीस तेवढं दवाखान्यात गेली आसतीस तर कूस उजवली आसती." मी खाली होतो, मला शेजारच्या सखुबाईनं तिच्या गच्चीवरून ऐकलं ते नंतर सांगितलं. तुम्ही दोघं कुठल्या कुठल्या दवाखान्यांतून फिरून आला होतात हे विठाबाईला माहीत होतं, तरी ती बोलली. आणि तू उलट एक शब्द काढला नाहीस. तू भांडली असतीस तर मला बरं वाटलं असतं, कारण भांडण मिटवता येतं.

तुम्ही गेल्यापासून आमच्या घरात तुझं नाव निघत नाही. मी काढत नाही, ती काढत नाही. संघर्ष रविवारी मला फोन करतो आणि आईला दे म्हणत नाही. ती भांडी घासत असते, जरा जास्तच जोरात.

झाडाला मी रोज सकाळी पाणी घालतो. पानं जरा पिवळी वाटतात. थंडीमुळे असेल.

तुझा,
मामा


नाशिक,
९ मार्च २०२५

चि. पायल,

सहादूनं तुझं पत्र पिठाच्या हातानं दिलं, पण मिळालं. झाडाबद्दल तीन पानं आहेत, माणसांबद्दल काही नाही. चालेल. नळाचंच पाणी घालायचं, बोअरचं नाही. दुपारचं ऊन लागू द्यायचं नाही. पिंपाची जागा सारखी बदलायची नाही, हे सगळं नीट वाचलं. पण मातीत बोट खुपसून बघायचं आणि दुसऱ्या पेरापर्यंत ओल लागली तर पाणी घालायचं नाही, हे वाचून मला हसू आलं. पोरी, माझ्या हाताखाली शेकडो एकर बागांना पाणी फिरलंय. मी कधी बोट घातलं नाही.

मात्र लपवत नाही. पानं पिवळी पडतायत, शिरा तेवढ्या हिरव्या. द्राक्षाचं पान असं दिसलं की आम्ही आधी लोह कमी पडलं म्हणतो. म्हणून पंचवटीतल्या एका कृषी सेवा केंद्रात पान घेऊन गेलो. दुकानदारानं पान उलटसुलट केलं आणि विचारलं, प्लॉट किती एकराचा? म्हटलं, एका पिंपाचा. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. शेवटी फेरसची पुडी घेऊन आलो आणि पाव चमचा पाण्यातून घातली. आठवडा झाला, फरक नाही.

मग मिलीबगची कीड शोधली. चष्मा लावून पानाच्या मागे, फांदीच्या बेचक्यात, सगळीकडे बघितलं. नाही. कात्री घेऊन एकदा खरड छाटणी करून टाकावी असंही मनात आलं, एप्रिलमध्ये वेलीची सगळी काडी काढतो तशी. मग तुझं पत्र आठवलं. अनंत बारा महिने हिरवा असतो, त्याला वेलीसारखी झोप नसते, छाटायचा तर फुलं संपल्यावर, असं तू लिहिलंयस. कात्री परत पेटीत टाकली. तू समोर असतीस तर तुझ्याशी वाद घातला असता.

एक गोष्ट मात्र मला समजत नाही. मी सकाळी एक तांब्या पाणी घालतो, त्यापेक्षा जास्त नाही. तरी दुसऱ्या दिवशी माती गचगचीत असते. वर पांढरट साय धरल्यासारखं दिसतं, आणि वास येतो, आंबूस. काल संध्याकाळी पुन्हा जाऊन बघितलं. सकाळपेक्षा ओली. गच्चीत कुठे नळ गळत नाही, टाकी फुटलेली नाही. कुठेतरी पाणी मुरतंय, दुसरं काय म्हणू.

तू काळजी करू नकोस. पिंपाच्या खालची भोकं तारेनं मोकळी केली आहेत. विठाबाईचे गुडघे दुखतात, डॉक्टरनं जिने चढायचे नाहीत म्हणून सांगितलंय. ती वर जात नाही. म्हणजे जात नसावी.

तुझा,
मामा


नाशिक,
६ एप्रिल २०२५

चि. पायल,

आधी वाईट बातमी. मार्चच्या शेवटी कळ्या गळल्या. चांगल्या हिरव्या, पिळदार कळ्या होत्या, देठाशी पिवळ्या झाल्या आणि एकेक करून पडल्या. मी त्या गोळा करून कागदात ठेवल्या आणि नंतर फेकून दिल्या. तुला दाखवायला पाठवणार होतो का काय, कुणास ठाऊक.

आता चांगली बातमी. झाड सुधारतंय. शेंड्याला नवी पानं फुटली आहेत, तकतकीत, पोपटी. आंबूस वास गेला. माती आता दुसऱ्या दिवशी कोरडी दिसायला लागते. तू खूश होशील म्हणून हे आधीच्या बातमीनंतर लिहिलं.

गच्चीच्या दाराला मी कुलूप लावलंय. माकडं येतात म्हणून. किल्ली माझ्या सदऱ्याच्या खिशात असते.

विठाबाईनं दुसऱ्याच दिवशी विचारलं, कुलूप कशाला? म्हटलं, माकडं. ती म्हणाली, मिरच्या वाळवायच्यात. म्हटलं, मी घालतो वाळत. तिनं मिरच्या उचलल्या आणि आत गेली. त्यानंतर तिनं किल्ली मागितली नाही. जेवायला वाढते, औषध हातात ठेवते, पण बोलणं कामापुरतं. मीही तसाच. सदतीस वर्षांच्या संसारात आम्ही भांडलोय पुष्कळ, पण असं गप्प कधी बसलो नव्हतो.

कुलूप लावलं आणि झाड सुधारायला लागलं. याचा अर्थ तू काढू नकोस, मीही काढत नाही असं रोज स्वतःला बजावतो. झाड हिरवं होतंय आणि मला आनंद होत नाही, एवढंच तुला सांगतो. सकाळी वर जाऊन नवी पानं बघतो आणि खाली येऊन तिच्या हातचा चहा अर्धा तसाच ठेवतो. माणूस रागात काहीही बोलून जातं, ते एकवेळ समजतं. पण रोज जिना चढून, ठरवून... जाऊ दे. पत्र फाडून टाक.

जयंती जवळ आली आहे, विहारात रंगाचं काम चालू आहे. संघर्षला म्हण, एक दिवस तरी येऊन जा.

तुझा,
मामा


नाशिक,
२१ एप्रिल २०२५

चि. पायल,

मागचं पत्र फाडलं नसशील तर आत्ता फाड. आणि हे मात्र जपून ठेव.

"माकडं? आपल्या कॉलनीत?" असं तू लिहिलंस ते बरोबर होतं. माकडं नव्हती. मला वाटलं होतं की विठाबाई तुझं झाड मारतेय. मिठाचं पाणी, नाहीतर आणखी काही, रोज थोडं थोडं. तुझ्यावरचा राग त्याच्यावर काढतेय असं मी धरून चाललो होतो. आता हे सगळं लिहू शकतो, कारण ते खोटं निघालं. पायल, खोटं निघालं. माझ्या छातीवरचं ओझं उतरलंय आणि मला आज सकाळपासून कुणालाही चहा पाजावासा वाटतोय.

झालं असं. शनिवारी मला चांदवडला जावं लागलं, चुलतभाऊ पुंजारामच्या नातवाचं लग्न होतं. विठाबाईला गुडघ्यांमुळे एसटीत बसवत नाही, ती घरी राहिली. जाताना झाडाला भरपूर पाणी घातलं, गच्चीला कुलूप, किल्ली खिशात. परवापासून ऊन असं तापलंय की सायकलच्या हँडलला हात लागत नाही. रविवारी लग्न लागलं, जेवलो आणि दुपारची गाडी पकडून साडेपाचला घरी आलो. दार नुसतं लोटलेलं. घरात विठाबाई नाही. हाक मारली, उत्तर नाही. शेजारी सखुबाईकडे गेलो, तर ती पदराआड हसायला लागली आणि म्हणाली, "आधी गच्चीचं कुलूप खोला, भाऊ. तुमचं मानूस वर आडकून पडलंय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. जिना चढलो, कुलूप काढलं. विठाबाई टाकीच्या सावलीत पिंपाला टेकून बसली होती. डोक्यावर सखुबाईची छत्री, बाजूला स्टीलचा रिकामा ग्लास, आणि तिची ती तांब्याची कळशी, ऊन उतरल्यावर ओतायची म्हणून अजून भरलेली. दोन्ही गुडघे सुजलेले.

ती आली कशी, तर सखुबाईच्या गच्चीवरून. दोन्ही गच्च्यांच्या मधला कठडा तुला माहीत आहे, माझ्या कमरेएवढा आहे. सखुबाईकडून स्टूल घेतलं, आधी कळशी पलीकडे ठेवली, मग स्वतः चढली आणि पलीकडे उतरली, बासष्टाव्या वर्षी. परत चढायला मात्र सखुबाईनं स्टूल या बाजूला दिलं तरी गुडघ्यांनी नकार दिला. सखुबाई म्हणाली, गल्लीतल्या चार पोरांना बोलावते, उचलून घेतील. विठाबाईनं तिला शपथ घातली. पोरांनी उचलून नेलेलं तिला चालणार नव्हतं. म्हणून दुपारी दोनपासून ती तिथे बसून, आणि सखुबाई कठड्यावरून तिला चहा देतेय, पाणी देतेय, गप्पा मारतेय.

मी तिच्यासमोर उभा राहिलो. ती मला म्हणाली, "कुलूप कोनासाठी लावलं व्हतं?"

मी हातातलं कुलूप कठड्यावर ठेवलं.

"माझ्यासाठीच ना? झाड पिवळं पडलं, म्हंजी म्हातारीनं कायतरी घातलं त्यात. आसंच ना?"

मी मान हलवली. मला खोटं बोलता आलं नाही. पायल, मला वाटलं ती आता रडेल किंवा ओरडेल. ती पिंपाकडे तोंड करून म्हणाली, "तुमी आसं म्हनता, मंग ती तर म्हननारच. हे मेलं तर ती म्हनंल, सासूनंच मारलं. म्हनून तर मी रोज येत व्हते."

मग सगळं बाहेर आलं. तुम्ही गेलात त्या दिवसापासून, मी दुपारी विहारात पेपर वाचायला गेलो की ती जिना चढायची. एकेका पायरीवर बसत. तांदूळ धुतलेलं पाणी कळशीत साठवून ठेवायची आणि ते झाडाला घालायची. तू आठवड्यातून एकदा, रविवारी घालायचीस ना? तिनं ते बघितलं होतं. आठवड्यातून एकदा घालून इतकं छान वाढतं तर रोज घातलं की आणखी वाढेल, असा तिचा हिशेब. आणि मी सकाळी घालतो हे तिला माहीतच नव्हतं. तिला वाटायचं, या माणसाला वेलीशिवाय दुसरं झाड दिसत नाही, हा काय पाणी घालणार. कुलूप लागल्यावर तिनं कशीबशी कळ काढली, पण मी चांदवडला गेलो आणि ऊन असं तापलं, तेव्हा तिला राहवलं नाही.

म्हणजे सकाळी मी आणि दुपारी ती. दोघंही एकमेकांपासून लपून. बिचारं झाड दोन महिने पाण्यात उभं होतं. वर मी फेरस घातलं ते वेगळंच.

मी खाली बसलो आणि मला हसू यायला लागलं, ते थांबेचना. ती म्हणाली, हसता काय? मी तिचा हात धरून बोट मातीत घातलं, तू सांगितलंस तसं. दुसऱ्या पेरापर्यंत ओल होती. शनिवारचं पाणी अजून तसंच. ती बोट बाहेर काढून त्याच्याकडे बघत म्हणाली, "मंग मी एवढी उडी मारून आले ती उगीच?" आणि तीही हसली. सखुबाई पलीकडून विचारत होती, काय झालं, काय झालं.

खाली आणताना तिला एकेक पायरी उतरवावी लागली. मधल्या वळणावर ती दम खायला थांबली आणि म्हणाली, "बोललेलं परत गिळता येत नाय. मला तेवढं झाड तरी जगवू द्या." मी तिचा हात पुन्हा माझ्या खांद्यावर घेतला. 

आता गच्चीला कुलूप नाही. पाण्याचं ठरलंय. विठाबाईनं वर चढायचं नाही. मी वर जाऊन बोट घालायचं आणि खाली येऊन तिला दाखवायचं. बोटाला माती चिकटलेली असेल तर त्या दिवशी पाणी नाही. आज सकाळी ती माझं बोट उजेडात धरून बघत होती. एवढं तिनं लग्नातही बघितलं नव्हतं.

हे पत्र मी घरात बसून लिहितोय, तिच्यासमोर. कुणाला लिहिताय असं तिनं विचारलं. म्हटलं, तुझ्या सुनेला. तिनं पंखा माझ्याकडे वळवून दिला.

तुझा,
मामा


नाशिक,
१४ मे २०२५

चि. पायल,

तुझं पत्र आलं. पहिलं वाक्य, "आईंचे गुडघे आता कसे आहेत?" झाडाचं खाली, शेवटी. मी ते पहिलं वाक्य विठाबाईला वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, बरे हायेत म्हनून कळवा. बरे नाहीत, पण तसं कळवायची आज्ञा आहे.

अनंताला नव्या कळ्या धरल्या होत्या, त्यातल्या तीन बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी उमलल्या. संध्याकाळी जिन्यातसुद्धा वास येत होता. विठाबाई खालच्या पायरीवर बसून राहिली, जेवायला उठेना. दुसऱ्या दिवशी ती फुलं ताटलीत घेऊन आम्ही विहारात गेलो. बुद्धांपुढे ठेवली. वंदना झाली, खीर झाली, बायका घोळक्यानं बसल्या. रोहिणीची सासूही आली होती, मांडीवर नातवाला घेऊन. फुलं कुणाच्या घरची म्हणून विचारणा झाली. विठाबाई म्हणाली, माझ्या सुनेच्या झाडाची.

तेव्हा रोहिणीची सासू बोलली. वाईट मनानं नाही बोलली, पण बोलली: झाडाला कळी धरली, आता सुनेलाही धरू दे.

पायल, मी पुरुषांच्या बाजूला बसलो होतो. माझ्या हातातली खीर तशीच राहिली. हेच वाक्य जानेवारीत आमच्या गच्चीवर थोड्या वेगळ्या शब्दांत बोललं गेलं होतं आणि बोलणारी आता समोर बसली होती. विठाबाई काय म्हणाली ते मी जसंच्या तसं लिहितो, एक शब्द इकडचा तिकडे करत नाही. सगळ्या विहाराला ऐकू गेलं, मला वाटतं माझा आवाज तिला लागलाय.

"झाडाची कळी झाडाला. मानसाला झाडाच्या मापानं मोजू नका, बाई. माझ्या सुनेला कळी नाय आली तरी मला चालंल. मला ती पायजे. ती घरात नाय म्हनून मी या वयात भिताडावरून उड्या मारते, इचारा सखुबाईला."

कुणी हसलं नाही. रोहिणीच्या सासूनं पोराला दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि म्हणाली, माझं चुकलं. विठाबाई म्हणाली, नाय, चुकी माझीच जुनी हाय. आणि उठून भांडी धुवायला गेली. नळाखाली बराच वेळ होती.

मी तुला ये म्हणत नाही. तुझा राग रास्त आहे आणि तो किती दिवस ठेवायचा हे ठरवणारा मी कोण. हे सगळं तुझ्या कानावर दुसऱ्याकडून, तिखटमीठ लावून जाण्याआधी माझ्याकडून जावं, म्हणून लिहिलं. उरलेल्या कळ्या उमलायला वेळ आहे. पाऊस लागायच्या आत फुलं संपतील, मग तू सांगितलंस तशी हलकी छाटणी करीन. हलकीच. विठाबाई कात्रीवर नजर ठेवून आहे.

तुझा,
मामा


नाशिक,
५ जून २०२५

चि. पायल,

काल संध्याकाळी साडेसहाला फोन वाजला. माझा नाही, विठाबाईचा. तो फोन सहसा वाजत नाही, त्यामुळे आधी आम्हा दोघांना कळलंच नाही की काय वाजतंय. तिनं तो माझ्या हातात दिला, तुम्ही बघा म्हणून. मी तुझं नाव वाचलं आणि परत तिच्या हातात दिला.

ती फोन घेऊन आत गेली आणि दार लोटून घेतलं. आमच्या आतल्या खोलीचं दार मी घर बांधल्यापासून कधी लोटलेलं बघितलं नाही. मी बाहेर पायरीवर बसलो. ऐकायचा प्रयत्न केला, कबूल करतो. आधी काहीच ऐकू आलं नाही, इतका वेळ की मला वाटलं फोन कटला. मग विठाबाई रडताना ऐकली.  मग ती म्हणत होती, "नाय गं, तांदळाचं न्हाई घालत आता. रोज बोट घालतेत ते. मी बघते ना." आणि नंतर, बऱ्याच वेळानं, हसणं. तुझं नाही, तिचं. पण ती एकटीच कशाला हसेल.

ती बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले, पदर खांद्यावरून घसरलेला. मी विचारलं, काय म्हणाली पायल?

"तुमाला काय करायचंय?" असं म्हणून ती स्वयंपाकाला लागली.

चार महिने मी पत्रं लिहिली, त्यातले दोन लपूनछपून, हातात दळण नसताना सहादूच्या गिरणीत गेलो, कुलपं लावली आणि काढली. आणि आता मला विचारायचं कामच नाही म्हणे. पायल, इतक्या आनंदानं मला आजवर कुणी उडवून लावलं नव्हतं.

भाकरी टाकताना तिनं पाठमोरीच सांगितलं, शनिवारी येतायत दोघं. मी म्हटलं, झाड न्यायला ना? टेम्पो सांगायला हवा. ती म्हणाली, "झाड कुठं न्यायचं? ऱ्हायला येतेय ती. चार दिस."

तवा तापून धूर सुटला तरी ती भाकरी उलटायची विसरली होती. मी उलटली. बोट भाजलं.

आज गुरुवार. हे पत्र पेटीत पडेल, पुण्याला पोचेल, तोवर तुम्ही दोघं इथे आमच्याच घरात असाल आणि पोस्टमन ते तुमच्या बंद दाराखालून आत सरकवून जाईल. वाचायला तिथे कुणी नसेल. मला हे माहीत आहे. तरी टाकून येतोय.

तुझा,
मामा